पायाखालचं निळं

"हा आपला निळा नाहीये," सौमित्र म्हणाला.

अंधेरीचं स्टेडियम. रविवार, दुपारचे चार. मॅच पाचची. गोलपोस्टच्या मागच्या स्टँडमध्ये आमच्या फॅन ग्रुपची पंचवीस-तीस पोरंपोरी जमली होती आणि मी घरून आणलेलं कापड उलगडत होते. चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. जोगेश्वरीपासून रिक्षात मांडीवर घेऊन आले होते, समोरचं काही दिसत नव्हतं इतका मोठा गठ्ठा. मॅचच्या आधी ते सगळ्यांच्या डोक्यावरून वरपासून खालपर्यंत जाणार होतं. आमचा बॅनर. माझ्या आईने शिवलेला.

टीमचा निळा आकाशी. आमचं कापड गडद. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण एवढं मोठं कापड, तेही फुकट, बघून रंगाचं कोण बोलणार, असं मला वाटलं होतं.

मग एकाचं लक्ष मधल्या गोलाकडे गेलं. कापड उन्हाने थोडं विटलेलं होतं. बरोबर मध्ये एक गोल तेवढा गडद राहिला होता, परातीपेक्षा मोठा. त्याच्या कडेने सुईची बारीक बारीक भोकं.

"इथे काय लावलेलं होतं?"

सौमित्र वाकला. बोटाने भोकं चाचपली. मग त्याला कळलं, आणि तो हसला. ते हसू वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. मित्राची खोडी पकडल्यावर हसतात तसं हसला.

"ओह. हे चौदा एप्रिलचं आहे का?" तो म्हणाला. "अगं, आपण मॅचला आलोय यार. मोर्चाला नाही."

सगळे हसले.

मी पण हसले.

हे मी आधीच सांगून टाकते. नाही तर पुढचं सगळं त्याच्या अंगावर ढकलून मी मोकळी होईन, आणि तेवढी मी मोकळी नाही.

"टाक खाली," तो म्हणाला. "ड्रमखाली अंथर. पायऱ्यांवर केवढी घाण आहे."

रेलिंगजवळ सिमेंटची एक रुंद पायरी आहे. तिथे आमचे ड्रम असायचे. मी पदरावर पदर घेत कापडाची लांबट घडी केली आणि त्या पायरीवर अंथरली. मीच. कोपरे ओढले. हात फिरवून सुरकुती काढली. शिवणारीच्या घरात वाढलेय, कापड वेडंवाकडं पडलेलं बघवत नाही. घडी अशी बसली की तो गोल नेमका वर आला. मग त्यावर ड्रम आले, आणि ड्रमच्या मागे आमचे पाय.

त्या दिवशी आम्ही दोन गोलनी जिंकलो. मी हात सुजेपर्यंत वाजवलं.

आता हे कापड आलं कुठून ते सांगते.

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांपासून थोडं वर, आमची बैठी चाळ आहे. आई मूळची जालन्याकडची. बाबा गेल्यावर तिने शिवणयंत्रावर मला वाढवलं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. मी लॅब टेक्निशियन झाले, अंधेरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार आहे. एप्रिलमध्ये जयंतीला विहारासमोर मंडप पडतो, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला हे निळं कापड लागायचं. मध्ये पांढरं चक्र शिवलेलं. माझ्या लहानपणापासून तेच कापड. गेल्या वर्षी वर्गणी बरी जमली म्हणून नवीन घेतलं, आणि जुनं विहाराच्या कपाटात घडी होऊन पडलं.

फॅन ग्रुपमध्ये बॅनरची गोष्ट निघाली तेव्हा मीच हात वर केला. "माझी आई शिवते." आपल्याकडेही द्यायला काहीतरी आहे असं दाखवायची मला घाई झाली होती. बाकीचे कोणी रंग आणत, कोणी भोंगा, कोणाच्या बाबांची गाडी. मी आई आणली.

आईने विहारात बायकांपुढे विषय काढला. मी तिथेच होते. दोघी-तिघी म्हणाल्या, नको, कुठे स्टेडियमबिडियममध्ये, कोण कसा हाताळेल. मग सुमनमावशी बोलली. सुमनमावशी आमच्या बाजूच्या खोलीतली, सत्तरीची, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही.

"त्यांचं पण निळंच आहे ना गं?"

"हो मावशी."

"मग आपलंच की."

आणि आई म्हणाली, "माझी पोरगी आहे तिथं. ती असताना काय होतंय?"

एवढ्यावर बायकांनी कापड दिलं. माझ्या नावावर.

आधी त्यांनी चक्र उसवलं. तीन संध्याकाळी लागल्या. कात्री लावायची नाही, एकेक टाका सुईने काढायचा, असं आईने बजावलं होतं. चक्र धुऊन, इस्त्री करून, पेपरात गुंडाळून कपाटात ठेवलं. मग कापडाला कड घालायची होती. दोन बाजू आईने मशीनवर मारल्या. एक बाजू बायकांनी वाटून घेतली. चौथी सुमनमावशीने हाताने घातली. तिचे टाके लहानमोठे, मध्येच तिरपे. आई म्हणाली मी मारते मशीनवर, तर मावशी रागावली. "मला पण काहीतरी करू दे की. मी काय मॅच बघायला येणाराय?"

हे सगळं मला माहीत होतं. अंथरताना माहीत होतं.

मग का हसले? याचं उत्तर मी खूप दिवस शोधत होते, आणि ते फार लांब नव्हतं. मला तिथे राहायचं होतं.

तुम्ही कधी त्या स्टँडमध्ये नव्वद मिनिटं उभे राहिला असाल तर कळेल. गेटवर बायकांची रांग छोटी, तपासणी पटकन होते, मनगटाला कागदी पट्टा, आणि जिना चढून वर आलं की एकदम हिरवं मैदान समोर. इतकं हिरवं की आमच्या गल्लीत तेवढं काहीच हिरवं नाही. मग ड्रम सुरू होतो. पहिल्या ठोक्याला शंभर माणसं तुमच्या हाताकडे बघतात. तुम्ही थांबलात की ती थांबतात. लॅबमध्ये मला दिवसभर कोणी नावाने हाक मारत नाही. इथे मी नसले तर गाणं उठत नव्हतं.

आणि हे मला सौमित्रने दिलं होतं. तो पार्ल्याचा. आमचा म्होरक्या. मॅचभर रेलिंगवर चढून, मैदानाकडे पाठ करून, भोंग्यातून गाणी सुरू करायचा. गोल झालेला त्याला आमच्या चेहऱ्यावरून कळायचा. मी पहिल्यांदा एकटी आले होते, मागे उभी राहून खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत होते, तर त्याने वरून बघितलं आणि ड्रमच्या काठ्या माझ्या हातात दिल्या. मी जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवत मोठी झालेली. दोन मिनिटांत स्टँड उभा राहिला.

"काय हात आहे हिचा!" तो ओरडला. आणि मॅच संपल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्याकडे ते रक्तातच असतं."

तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे, ते मी विचारलं नाही. मला ते कौतुक म्हणून हवं होतं, आणि विचारलं असतं तर कदाचित ते कौतुक राहिलं नसतं.

आडनाव मी सांगितलंच नव्हतं. ग्रुपने जर्सींवर नावं शिवून घेतली तेव्हा सगळ्यांनी पाठीवर आडनावं टाकली. मी लिहून दिलं, जोगेश्वरी. सगळे म्हणाले, झकास, एकदम हटके. सगळ्यांच्या पाठीवर घराणं, माझ्या पाठीवर रेल्वे स्टेशन.

तर त्या रविवारी मी घरी आले. आई दारातच.

"फडकलं?"

"हो ना. सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं."

"फोटो?"

"चार्जिंग संपलं गं."

पटकन आलं तोंडातून. कापड कुठंय विचारलं तर सांगितलं, ग्रुपच्या पेटीत ठेवतात, दर मॅचला लागणार आहे. तेवढं खरं होतं.

मग सुमनमावशी आली. आमच्या पलंगाच्या कडेला बसली आणि तिने विचारलं, "डोक्यावरून जातं तेव्हा खालून कसं दिसतं गं? सावली निळी पडते का?"

"पडते ना मावशी. सगळ्यांचे चेहरे निळे दिसतात. हात पण निळे."

"अगंबाई," मावशी म्हणाली, आणि तिने स्वतःचे हात बघितले.

खोटं एकदा बोललं की संपत नाही, त्याला रोज खायला घालावं लागतं. पुढच्या तीन मॅचना घरी आल्यावर मावशीला मी नवीन काहीतरी सांगितलं. खेळाडूंनी वर बघून टाळ्या वाजवल्या. एक छोटी मुलगी खालून धावत गेली. मला जमायला लागलं होतं. मावशीला ते इतकं आवडायचं की कधीकधी मलाच वाटायचं, झालं असेल तसं.

आणि स्टँडमध्ये त्या कापडाचं नाव पडलं होतं, चटई. "चटई काढ रे." "चटईवर कोणी पेप्सी सांडली?" ओले बूट, पॉपकॉर्न, कोणीतरी टाकलेली च्युइंगम. मॅच संपली की गोळा करून पेटीत कोंबायची, पुढच्या वेळी तशीच काढायची.

तिसऱ्या मॅचला मी पोचले तर ड्रम नुसत्या सिमेंटवर ठेवलेले. आणि माझ्याच तोंडून गेलं, "अरे, चटई कुठंय?"

मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते. पण कोणाला काही कळलं नव्हतं, म्हणून मी पेटी उघडली, कापड काढलं, आणि अंथरलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आई न्हाऊन पांढरी साडी नेसली. विहारात जायची ठेवणीतली साडी.

"आज विहारात काही आहे?" मी विचारलं.

"मॅचला यायचंय मला. समोरच्या पिंकीने मोबाईलवर तिकीट काढून दिलंय. सुमनचे गुडघे धरलेत, ती म्हणाली तू बघून ये आणि मला सांग."

म्हटलं, आई, तिथे गोंगाट असतो. म्हटलं, तुझं डोकं दुखेल. म्हटलं, बसायला नीट जागा नसते. ती केसात फणी घालत म्हणाली, "मी शिवलेलं मी बघू नको?"

मी तिला गेटच्या रांगेत उभी केली आणि सांगितलं, मी पुढे जाते, मला ड्रम लावायचे असतात. खरं म्हणजे कापड लपवायला पळाले. वर पोचले तर ते अंथरलेलंच होतं. त्यावर चार ड्रम, पाण्याचे ग्लास, दोघांच्या बॅगा.

"सौमित्र, आज हे काढूया का?"

"का?"

एवढाच प्रश्न. का? मी तोंड उघडलं. माझी आई येतेय, हे तिचं आहे. पाच-सहा शब्द. नाही आले.

"नाही, असंच. घाण झालंय."

"मग असू दे ना घाण. ड्रम कुठे ठेवणार?"

आईचं तिकीट वरच्या रांगेतलं होतं. लांबून तिला काय दिसणार, असा हिशेब केला आणि तिला आणायला परत गेले.

गेटवर ती अजून तपासणीतच होती. सिक्युरिटीतली बाई तिला सांगत होती, "मावशी, पिना काढा. टोकदार काही आत चालत नाही." आईच्या बांगड्यांना कायम सेफ्टी पिना लटकलेल्या असतात. तिने सात पिना काढल्या आणि बाईसमोरच्या खोक्यात टाकल्या. खोक्यात लायटर, परफ्यूमच्या बाटल्या, कोणाचा तरी कंगवा.

"जाताना मिळतील ना?" आईने विचारलं. मग माझ्याकडे बघून हसली. "हात हलके लागतायत गं."

मी तिला वरच्या रांगेत बसवली. म्हटलं, इथूनच छान दिसतं. खाली ड्रमपाशी आले. पाठीत तिची नजर जाणवत होती. पाचला दहा मिनिटं होती. खेळाडू पळून अंग गरम करत होते. मी काठ्या हातात घेतल्या, आणि बघते तर आई पायऱ्या उतरत खाली येतेय. एका हाताने निऱ्या धरून, एकेक खुर्ची पकडत.

"बॅनर कधी काढतात गं? म्हटलं जवळून बघावं."

सौमित्र रेलिंगवरून उतरला. तो मोठ्यांशी फार अदबीने वागायचा, खोटं कशाला बोलू.

"तुम्ही हिच्या आई ना? या ना काकू. उभ्या कशाला, इथे चटईवर बसा."

आणि त्याने एक ड्रम सरकवून जागा केली.

आई बसली. बसताना तोल सावरायला तिने हात टेकला. हात कापडाच्या कडेवर पडला. मी तिची बोटं बघत होते. ती थांबली. मग पुढे सरकली, मग मागे आली. एक लांब टाका, एक आखूड, एक तिरपा. सुमनमावशीची बाजू.

तिने खाली बघितलं. ड्रम सरकवला होता तिथे तो गोल होता. गोलाच्या अर्ध्या भागावर बुटाचा पूर्ण ठसा, चिखलाचा, वाळलेला.

आई उठली. ती अशी उठली की मला वाटलं तिला काही चावलं. कापडाच्या बाहेर गेली, सिमेंटवर. चपला काढल्या. मग उभी राहिली, अनवाणी.

"हे कोणी अंथरलं?"

आवाज चढवला नाही तिने.

सौमित्रला काही कळलंच नव्हतं. तो हसून म्हणाला, "काकू, तुमची लेकच अंथरते. दर मॅचला. आमच्यापेक्षा नीट अंथरते."

आई माझ्याकडे वळली. मी बावीस वर्षं तिच्या हातचा मार खाल्लाय, बोलणी खाल्लीत, तिच्या सगळ्या नजरा मला पाठ आहेत. ही नव्हती. ही ती अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघते ती नजर होती.

"तू फडकवलं म्हणालीस."



मैदानावर खेळाडू आले. स्टँड उभा राहिला. सौमित्र रेलिंगवर चढला, भोंगा तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून हात वर केला. म्हणजे ठोका दे.

मी काठ्या खाली ठेवल्या.

मला शौर्याचं काही सांगायचं नाही. मला तेव्हा राग आला नव्हता. राग नंतर आला. तेव्हा फक्त एवढं दिसत होतं की माझी आई अनवाणी उभी आहे आणि मी तिच्या कापडावर बूट घालून उभी आहे. मी बाजूला झाले. पहिला ड्रम उचलला, सिमेंटवर ठेवला. मग दुसरा. बॅगा काढल्या. ग्लास उचलताना पाणी सांडलं.

"काय करतेयस?" सौमित्र वरून म्हणाला. "ठोका दे ना."

"पाय उचल," मी म्हणाले. तो खाली उतरून कापडाच्या कडेवर उभा राहिला होता.

"मॅच सुरू होतेय. हाफटाइमला बघू."

"पाय उचल."

"सीन करू नकोस यार. कापडच आहे ते. तूच अंथरतेस ना दर वेळी? मग आज काय झालं?"

खोटं काय होतं त्यात?

"हो, मीच अंथरत होते," मी म्हणाले. "हे माझ्या आईने शिवलंय. आमच्या विहारातलं आहे. तू त्या दिवशी मोर्चाचं म्हणालास आणि मी हसले. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आता सांगतेय. पाय उचल."

त्याने पाय उचलला. पण तो बोलल्याशिवाय राहिला नाही.

"तुम्ही लोक ना, प्रत्येक गोष्टीत..."

"पूर्ण कर. आम्ही लोक काय?"

इतक्या मॅचमध्ये मी पहिल्यांदा बघितलं, सौमित्र तोंड फिरवून मैदानाकडे बघत उभा राहिला.

शिट्टी झाली. आमचा स्टँड मुका. समोरच्या टीमची मूठभर पोरं पलीकडून ओरडत होती तेवढंच ऐकू येत होतं. मी गुडघ्यावर बसून कापड गोळा करत होते. च्युइंगम हाताला चिकटत होती. आमच्यातल्या एका मुलीने मदतीला हात पुढे केला, सौमित्रकडे बघितलं आणि मागे घेतला. मी तिला दोष देत नाही. त्या जागेवर मी चार महिने उभी होते.

आईने मला गठ्ठा उचलू दिला. गेटपर्यंत मी तो वाहिला. गेटवर तिने खोक्यातून पिना शोधल्या. सात. त्या बांगड्यांना लावल्या नाहीत. गठ्ठा खाली ठेवायला लावला, कापडाची टोकं एकावर एक घेतली आणि सातही पिना त्याला लावून तोंड बंद केलं. मग गठ्ठा स्वतःच्या डोक्यावर घेतला. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू नको."

रिक्षात ती एकदाच बोलली. आमच्या गल्लीशी.

"सुमनला तू सांगायचं. मी नाही सांगणार. आणि विहारात सांगायचं, बायकांपुढं. मी त्यांच्यापुढं शब्द दिला होता."

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहिले. दहा-बारा बायका. सगळं सांगितलं. तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, आणि मी हसले ते. चटई हा शब्द मी स्वतः वापरला ते. माझी जीभ सारखी त्याच्याकडे पळत होती, त्याने असं केलं, ते असे असतात. दर वेळी ती ओढून परत माझ्यावर आणावी लागत होती. एकीने तोंड फिरवलं. एक म्हणाली, "मी तेव्हाच नको म्हणत होते." आई जमिनीकडे बघत होती.

सुमनमावशी पुढेच बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मान वर केली, एका डोळ्याने मला शोधलं.

"म्हणजे ती निळी सावली पण नव्हती?"

"नव्हती मावशी."

"हात निळे दिसतात म्हणालीस."

"खोटं बोलले."

तिने मान हलवली आणि हात पदराखाली घेतले. त्यानंतर तिने मला स्टेडियमचं कधी काही विचारलं नाही. अजून नाही.

मला कोणी माफ केलं असं मी सांगणार नाही, कारण केलेलं नाही. आईने कापड स्वतः धुतलं, मला बादलीला हात लावू दिला नाही. तीनदा धुतलं. बुटाचा ठसा फिका झाला, गेला नाही. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण विहारातलं काही आणायचं, न्यायचं असलं तर आता पिंकीला सांगते. माझ्या नावावर त्या बायका आता टाचणीसुद्धा देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

महिन्याने सौमित्रचा मेसेज आला. "तुझ्यासारखा हात कोणाचा नाही. झालं गेलं विसर. ये परत."

मी लिहिलं, "जोगेश्वरीला ये. विहारात. त्या दिवशी जे म्हणालास ते बायकांपुढे शब्द न शब्द सांग. मी सांगितलंय माझं. मग बोलू." त्याने वाचलं. उत्तर आलं नाही.

मी मॅचला जाणं सोडलेलं नाही. आई म्हणाली होती, कशाला जातेस आता. पण ते हिरवं मैदान त्याच्या बापाचं नाही, आणि ड्रम वाजवायला मला त्याच्या ग्रुपने शिकवलेलं नाही. स्वतःचं तिकीट काढते, बाजूच्या स्टँडमध्ये बसते. जर्सीच्या पाठीवरचं स्टेशन उसवलं. कात्री न लावता, एकेक टाका. तिथे आडनाव शिवलं. पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्या दोघांनी ते वाचलं आणि एकमेकांकडे बघितलं. मी वळून म्हणाले, "काय?" ते म्हणाले, "काही नाही." मी पुढे बघायला लागले.

जिथे बसते तिथे आधी खाली बघते. पायाखाली काय आहे, कोणाचं आहे. सवयच लागलीय.

टाक खाली, अंथर, असं सांगणारे मला अजून पुष्कळ भेटतील. लॅबमध्ये भेटतात, स्टेडियममध्ये भेटतात, हसत हसत सांगतात. त्यांनी सांगत राहावं. अंथरणारी मी होते. आता नाही.